यात्रेहून परतलेला माणूस

परमेश्वर सर्वत्र भरलेला आहे, हे बहुतेक धर्मांचे पहिले सांगणे. आणि त्याच्या भेटीसाठी अमुक गावी जावे, हे दुसरे. या दोन सांगण्यांचे आपसांत जमत नाही हे कोणाला कळत नाही असे नाही. पण माणसाची गंमत अशी की, पहिले सांगणे तो मान डोलावून ऐकतो आणि दुसरे कानी पडताच गाठोडे बांधू लागतो. देव जर माजघरातही आहे, तर पंढरपूर कशाला? काशी, मक्का, जेरुसलेम कशाला? शेकडो वर्षे शहाणी माणसे हा प्रश्न विचारीत आली, आणि शेकडो वर्षे साधी माणसे तो ऐकून न ऐकल्यासारखे करून चालत राहिली. इतक्या माणसांच्या पायांना जे कळते ते आपल्या डोक्याला कळू नये, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. यात्रेने माणूस खरोखर नवा होतो काय? की जुनाच माणूस नव्या गावचे पाणी पिऊन परत येतो?

फराळाच्या ताटाशेजारी हा प्रश्न मांडणे कोणाला जड वाटेल. पण दिवाळी हा तरी नव्याचाच सण आहे. आपण घर झाडतो, भिंतींना रंग देतो, नवे कपडे घालतो. व्यापारी जुनी वही मिटवून नवी पुजतो. मनाची वही मात्र अशी मिटत नाही. तिच्यातली जुनी येणी आणि जुनी देणी वर्षानुवर्षे पुढल्या पानावर ओढली जातात. म्हणून हा प्रश्न खरे तर याच दिवसांत विचारावा.

तो मला विचारला भुसावळच्या माझ्या एका जुन्या स्नेह्यांनी. रेल्वेत सारा जन्म गेला, गार्ड म्हणून निवृत्त झाले, म्हणून सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणतात. घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, कॅथलिक पंथाचे. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा आणि सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या हरेगावी मतमाउलीची यात्रा, ही त्यांची वर्षाची दोन ठरलेली पाने. मुलगी नर्स आहे, ती आयर्लंडात नोकरीला, मुलगा धुळ्याला. मुलीशी रोज फोनवर बोलणे, मुलाशी गेल्या सहा वर्षांत एक शब्द नाही. पत्नी वारली आणि घर एकदम मोठे झाले. अशात मुलीने बोलावणे धाडले : इकडे या, आपण दोघे इथल्या जुन्या तीर्थांची यात्रा करू. तिकिटाची भाषा सुरू झाली, तेव्हा एक दिवस ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही वारकऱ्यांच्या घरातले. खरं सांगा, इतक्या लांब जाऊन माणूस आतून बदलतो का हो? माझं मन पार वाळून गेलंय. प्रार्थनेला बसतो, शब्द येतात, पण आत काही हलत नाही."

उन्हाळ्यात तापीचे पात्र पाहिलेल्या माणसाला 'वाळून गेलंय' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मी त्यांना लगेच काही उत्तर दिले नाही. त्यांच्या निमित्ताने आयर्लंडच्या यात्रांविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि वाचता वाचता आपल्याच घराकडे अधिक पाहू लागलो.

आयर्लंड म्हणजे युरोपच्या पश्चिम टोकाचे एक हिरवे, पावसाळी बेट. आपल्याला ते ठाऊक आहे भगिनी निवेदितांची जन्मभूमी म्हणून, आणि डी व्हॅलेरांच्या स्वातंत्र्यलढ्यामुळे. त्या देशाचा संत पॅट्रिक. पण हा पॅट्रिक मुळात आयरिश नव्हेच. पाचव्या शतकातला, ब्रिटनमधल्या एका सुखवस्तू घरातला मुलगा. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास लुटारूंनी त्याला पळवून आयर्लंडात आणले. सहा वर्षे तो तिथे गुलाम होता, डोंगरात जनावरे राखीत होता. तिथेच तो प्रार्थना करायला शिकला. पुढे पळून तो घरी पोचला, आणि गोष्ट इथेच संपती तरी आपण म्हटले असते की, सुटला बिचारा. पण काही वर्षांनी तो बिशप होऊन पुन्हा त्याच देशात गेला; ज्यांनी त्याला गुलाम केले त्यांच्यातच राहिला. हे सारे त्याने आपल्या आत्मनिवेदनात स्वतः लिहून ठेवले आहे. पुढच्या विवेचनात मला या परतण्याची गरज पडणार आहे, म्हणून ते वाचकांनी लक्षात ठेवावे.

त्या पॅट्रिकच्या नावाने तिथे दोन मोठ्या यात्रा भरतात. मेयो परगण्यात क्रोक पॅट्रिक नावाचा ७६४ मीटर उंचीचा डोंगर आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो माणसे तो चढतात, आणि काही जण त्या सुट्या, टोकदार दगडांवरून अनवाणी. दुसरी यात्रा डोनेगल परगण्यातल्या लॉख डर्ग नावाच्या तळ्यातल्या बेटावर. मध्ययुगात तिथे एक गुहा होती. यात्रेकरूला तिच्यात एक दिवस-रात्र कोंडून ठेवीत, आणि त्या अंधारात त्याला परलोकीच्या यातना दिसतात अशी समजूत होती. १६३२ साली सरकारने ती गुहा बंद करविली, पण यात्रा बंद पडली नाही. आजही उन्हाळ्यात, १ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत, तिची तीन दिवसांची रीत पाळली जाते. बेटावर पाय ठेवताच जोडे काढायचे, ते तिसऱ्या दिवशी घालायचे. जुन्या मठातल्या कोठड्यांची दगडी कडी उरली आहेत, त्यांभोवती प्रार्थना म्हणत फिरायचे. पहिली सारी रात्र जागायचे. शेजारचा डुलकी घेऊ लागला तर त्याला हलवून उठवायचे. दिवसातून एकदा खायचे, आणि तेही कोरडा पाव आणि कोरा चहा. खानदेशी माणसाला बिनदुधाचा चहा हेच मोठे प्रायश्चित्त, असे मी गार्डसाहेबांना म्हटले, तेव्हा पुष्कळ दिवसांनी ते हसले.

हे वाचताना मला पंढरीची वाट दिसू लागली. आमच्या मुक्ताईनगरहून, म्हणजे जुन्या एदलाबादहून, संत मुक्ताबाईंची पालखी आषाढीसाठी निघते. वारीच्या वाटांत ही फार लांबची वाट. सुमारे सहाशे किलोमीटर, महिनाभराहून अधिक दिवसांचे चालणे. खानदेशातून निघायचे, विदर्भ-मराठवाड्याचा मुलूख तुडवायचा आणि भीमेकाठी पोचायचे. निघताना ऊन, वाटेत पाऊस. कुठे शाळेच्या ओसरीवर निजायचे, कुठे मारुतीच्या देवळात. गावोगावची माणसे भाकरी-पिठले घेऊन उभी असतात आणि वाढणारा विचारीत नाही की तुम्ही कोण, कुठले.

आयर्लंडचे बेट आणि ही वाट यांत काय सारखे आहे? देवाची नावे निराळी, हवा निराळी. सारखे आहे ते एवढेच की, दोन्ही ठिकाणी माणसाकडून काही काढून घेतले जाते. पायातले जोडे जातात, झोप जाते, आवडीचे जेवण जाते, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे हुद्दा जातो. घरी मी 'मास्तर' असतो, गार्डसाहेब 'साहेब' असतात. घरात आपण छोटेखानी राजे असतो. कोण कोठे बसायचे, कोणाशी बोलायचे, कोणाला आत घ्यायचे हे आपण ठरवतो. वाटेवर हे राज्य चालत नाही. तिथे अनोळखी माणसाने दिलेले पाणी प्यावे लागते, आणि तेही उपकार म्हणून. यात्रेची खरी किमया मला इथे दिसते. ती देवाच्या मूर्तीपाशी पोचल्यावर सुरू होत नाही. परक्या माणसापुढे हात पसरावा लागतो तिथे सुरू होते. दाता म्हणून जन्म काढलेल्या माणसाला घेणारा होणे फार अवघड जाते. वाट त्याला ते शिकवते.

एवढ्यावर थांबता आले असते तर यात्रेचे गुणगान करून मोकळा झालो असतो. पण आमच्या संतांनी ती सोय ठेवलेली नाही. स्वतः पंढरीची वारी न चुकवणाऱ्या संतांनी तीर्थांची जेवढी थट्टा केली तेवढी एखाद्या नास्तिकानेही केली नसेल. कीर्तनात एक गोष्ट नेहमी सांगतात. तीर्थयात्रेला निघालेल्या मंडळींजवळ तुकोबांनी एक कडू भोपळा दिला, आणि प्रत्येक तीर्थात त्याला स्नान घालून आणा म्हणून सांगितले. मंडळी परतली, भोपळ्याची भाजी केली, ती कडूच. गोष्ट खरी असो वा कीर्तनकारांनी रचलेली असो, तिच्यातला प्रश्न खरा आहे.

आमच्या घरचाच भोपळा पाहा. माझी आजी पंढरीला पायी जाऊन आलेली. विठ्ठलाचे नाव घेतले की तिचे डोळे भरून येत, आणि ते पाणी खोटे नव्हते. वाटेवर कोणाकोणाच्या हातचे खाल्ले हे ती कौतुकाने सांगे. पण घरी परतल्यावर अंगणात काम करायला येणाऱ्या बाईला ती ओंजळीत वरूनच पाणी घाली. वाटेवर विटाळ नव्हता, उंबरठ्यावर मात्र तो वाट पाहत उभा होता! आणि वाटेवर तरी सगळीकडे विटाळ सुटत होता असे कोठे आहे? इरावती कर्वे यांनी आपल्या वारीचा अनुभव 'वाटचाल' या लेखात लिहिला आहे. एकाच दिंडीत, एकच अभंग म्हणत चालणारी माणसे जेवायला मात्र जातवार वेगळी बसत, हे त्यांना किती बोचले ते त्यांनी लपवले नाही. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वाराशी आहे, आणि ती बाहेर आहे. लाखो माणसे तिला नमस्कार करून आत जात होती, आणि चोखोबांच्या जातीची माणसे शतकानुशतके बाहेरूनच कळसाला हात जोडून परतत होती. त्या लाखोंचे मन यात्रेने नवे झाले होते, असे कसे म्हणावे?

आयर्लंडची कथाही याहून सोज्ज्वळ नाही. १९७० च्या सुमारास तिथले दहांतले नऊ कॅथलिक दर रविवारी चर्चमध्ये जात. इतका तो देश धार्मिक होता. डोंगर चढत होता, बेटावर जागरणे करीत होता. आणि त्याच काळात तिथे 'मॅग्डलेन लाँड्री' म्हणून धुलाईघरे चालत, जोगिणींच्या मठांकडून चालवलेली. लग्नावाचून आई झालेल्या, घरच्यांना नकोशा झालेल्या, निराधार अशा मुलींना तिथे ठेवीत आणि मजुरीवाचून राबवीत. शेवटचे धुलाईघर बंद झाले ते १९९६ साली. धर्मसंस्थांच्या शाळांत आणि आश्रमांत मुलांचा जो छळ झाला त्याचा चौकशी आयोगाचा अहवाल २००९ साली आला, तेव्हा सारा देश हादरला. देवळे ओस पडू लागली ती नास्तिकांच्या व्याख्यानांनी नव्हे. विश्वास टाकावा त्यांनीच तो मोडला म्हणून. पाय रक्ताळेपर्यंत डोंगर चढणाऱ्यांच्या गावातच त्या मुली भिंतीआड होत्या. डोंगर चढणे खोटे होते असे मी म्हणत नाही. पण ते डोंगरावरच राहिले.

मग यात्रेवाचून माणूस नवा होतो काय? होतो, आणि त्याची उदाहरणे फार लांब नाहीत. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली सत्याग्रही कैदी होते. त्यांना कोणत्याच तीर्थाला जाता येण्यासारखे नव्हते. बाहेरचा रस्तासुद्धा दिसत नव्हता. त्या भिंतींच्या आत २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. 'गीता प्रवचने' म्हणून ती आज देशभर अनेक भाषांत वाचली जातात. इथे माणसे तीर्थाला गेली नाहीत. जिथे डांबली होती ती जागाच तीर्थ झाली.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्यानंतर त्या काही काळ कुठे राहिल्या, तर पंढरपुरातच. म्हणजे तीर्थ त्यांच्या दाराशी होते. पण त्यांच्यातला पालट त्या तीर्थाच्या पाण्याने झाला नाही. पुढे पतीजवळ येऊनही त्या सोवळेओवळे सांभाळून राहत होत्या. एके दिवशी विचार करता करता त्यांना उमगले की, जातिभेद देवाने केलेला नाही, तो माणसाचा आहे. आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे त्यांनी ठरवले. 'स्मृतिचित्रे'त हे त्यांनी इतके साधेपणाने सांगितले आहे की, एवढी मोठी क्रांती झाली हे वाचणाऱ्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागतो. माझ्या आजीला पंढरीच्या वाटेवर जे दिसले आणि घरी टिकले नाही, ते लक्ष्मीबाईंना घरात दिसले आणि म्हणून टिकले. धर्मांतर आणि हृदयांतर या दोन गोष्टी निराळ्या, हेही त्यावरून दिसते. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो नंतर, १९०० साली.

त्या घराचे पुढे काय झाले ते खानदेशाने विसरू नये. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. अध्यक्ष डॉ. कीर्तिकर. तिथे धरणगावचा सतरा वर्षांचाही नसलेला एक मुलगा, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, कविता म्हणायला उभा राहिला आणि 'बालकवी' होऊन खाली बसला. या मुलाला पुढे नगरला टिळकांनी आपल्या घरी ठेवून घेतले, आणि लक्ष्मीबाई त्याची आई झाल्या. ब्राह्मणाचा मुलगा ख्रिस्ती घरात पोटच्या पोरासारखा वाढला, भांडला, रुसला. १९१८ च्या मे महिन्यात जळगावजवळच्या भादली स्टेशनावर रेल्वेखाली त्याचा अंत झाला. यात्रा कोणीच केली नव्हती. एका घराने दार उघडे ठेवले होते, एवढेच. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. ज्याला पलीकडे जाण्यासाठी पूल लागला तो पुढे अलीकडच्यांसाठी पूल मोडून टाकीत नाही, हे त्यांच्या घराने दाखवले.

आता वाचक म्हणतील, मग यात्रा कशाला? गार्डसाहेबांना सांगून टाका की, तिकिटाचे पैसे वाचवा. तसे मला म्हणवत नाही. लक्ष्मीबाईंसारखी माणसे घरातल्या घरात विचार करता करता नवी होतात. आपण तशी नसतो. आपल्याला घर दिसण्यासाठी घराबाहेर पडावे लागते. रोज ज्या खोलीत बसतो तिचा कोंदट वास आपल्याला येत नाही. चार दिवस बाहेर राहून आलो की दार उघडताच येतो. यात्रेचे काम इतपतच आहे. आपल्याच घराचा वास आपल्याला येईल इतके दूर ती नेते. पुढे खिडकी उघडायची की नाक दाबून आत शिरायचे, हे यात्रा ठरवीत नाही.

म्हणून यात्रेची परीक्षा पोचण्यात नाही, परतण्यात आहे. पॅट्रिकची गोष्ट मी लक्षात ठेवायला सांगितली ती यासाठी. त्याच्या नावाचा डोंगर चढणे अवघड खरे, पण त्याने स्वतः केलेली यात्रा त्याहून अवघड होती. ज्यांनी आपल्याला दुखवले त्यांच्या दाराशी तो पुन्हा गेला. त्याच्या नंतरच्या आयरिश साधूंनी यात्रेची कल्पनाच फिरवून टाकली. पुण्य आणायला नव्हे, तर देवासाठी परदेशी व्हायला ते निघत. कोलंबा ५६३ साली समुद्र ओलांडून आयोना बेटावर गेला आणि तिथलाच झाला. कोलंबानस फ्रान्समधून फिरत इटलीत बोब्बिओला पोचला. ६१५ साली तिथेच वारला. आपल्याकडे येऊन १८९८ साली कलकत्त्यात मुलींची शाळा काढणारी आणि प्लेगच्या दिवसांत गल्ल्या झाडायला उतरलेली मार्गारेट नोबल, म्हणजे निवेदिता, याच जातीची यात्रेकरू. अशी माणसे तीर्थ शोधायला जात नाहीत. जिथे पोचतात तिथले दुखणे आपले मानतात.

आणि माणसाला जे लागू तेच समाजाला. समाजाच्या नवेपणाची खूण कोणती, असे कोणी विचारले तर मी साने गुरुजींकडे बोट दाखवीन. अमळनेरच्या शाळेत शिकवलेला हा मास्तर खानदेशाचाच झाला होता. पंढरपूरला कोण नाही जात? गुरुजीही गेले, पण दर्शनाला नव्हे. विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले करावे म्हणून १ मे १९४७ पासून त्यांनी तिथे उपोषण मांडले. दहा दिवस ते चालले; मंदिर उघडण्याचे ठरले, तेव्हा सुटले. त्या दहा दिवसांत त्यांना धर्मबुडवा म्हणणारे होते, आणि त्यांतले पुष्कळ जण नेमाने वारी करणारे होते. मला वाटते, चोखोबांच्या काळापासून पंढरीच्या ज्या यात्रा झाल्या त्यांच्यातले राहून गेलेले पाऊल गुरुजींनी टाकले.

आयर्लंडातही असेच एक पाऊल उशिरा का होईना पडले. १९ फेब्रुवारी २०१३ रोजी तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत उभे राहून त्या धुलाईघरांतल्या स्त्रियांची सरकारच्या वतीने माफी मागितली. त्यांच्यापैकी काही जणी, आता म्हाताऱ्या झालेल्या, प्रेक्षकांच्या सज्जात बसल्या होत्या. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस त्या देशात गेले, तेव्हा डब्लिनच्या विराट जनसमुदायापुढे त्यांनी चर्चच्या अपराधांसाठी क्षमा मागितली. क्षमा मागितल्याने गेलेली वर्षे परत येत नाहीत, आणि ती पुरेशी नाही असे म्हणणारे तिथे पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. परंतु धार्मिक पुनरुज्जीवन म्हणून जर काही असेल, तर ते रित्या बाकांवर पुन्हा माणसे येऊन बसण्यात नाही. ज्यांना भिंतीआड ठेवले त्यांच्यापुढे मान खाली घालता येणे, तिथून ते सुरू होईल.

हे सगळे मी गार्डसाहेबांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. धुळ्याच्या मुलाशी बोलणे का तुटले, हे मला ठाऊक होते. त्याने लग्न केले ते ख्रिस्ती मुलीशीच. पण तिच्या आजोबांची बाप्तिस्म्यापूर्वीची जात गार्डसाहेबांच्या आजोबांच्या जातीहून खालची मानलेली. तीन पिढ्यांपूर्वी पाण्याने नाव बदलले, देव बदलला. जात त्या पाण्यात बुडाली नाही, पोहून वर आली. आमच्या ओंजळीतल्या पाण्याची गोष्ट मी त्यांना सांगितलेली होतीच. त्यामुळे दोघांपैकी कोणी दुसऱ्याला हसावे अशी स्थिती नव्हती.

ते आयर्लंडला गेले. मला ते योग्यच वाटले. बेटावर तीन दिवस अनवाणी राहिले. परतल्यावर भेटले तेव्हा मी विचारले, कसे काय झाले? म्हणाले, "चमत्कार काही झाला नाही, मास्तर. रात्री पेंग यायची, तेव्हा शेजारचा एक अनोळखी म्हातारा मला हलवून जागं करायचा. पहाटे त्याला पेंग आली, तेव्हा मी त्याला केलं. नाव नाही विचारलं, कोण कुठला नाही विचारलं. मग मनात आलं, हा माझ्या कोणत्या जातीचा?" पुढच्या आठवड्यात ते एस.टी.ने धुळ्याला गेले. तीन तासांचा रस्ता. सहा वर्षे लागली होती. तिथे कोणी गळ्यात पडले नाही. मुलगा जेमतेम बोलला. सुनेने चहा केला, तो ते प्याले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. पुन्हा जाणार आहेत. मन ओले झाले की नाही हे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. ज्या झऱ्यावर इतकी वर्षे दगड होता तो दगड सरकवल्याबरोबर पाणी वाहू लागेल अशी अपेक्षा करणे बरे नव्हे.

आमच्या मुक्ताबाईंची एक आठवण महाराष्ट्रात घराघरांत सांगितली जाते. लोकांच्या टोचून बोलण्याने ज्ञानदेव खिन्न झाले आणि झोपडीचे दार, म्हणजे ताटी, लावून आत बसले. मोठे ज्ञानी खरे, पण दार लावून बसलेले. तेव्हा लहान बहीण बाहेर उभी राहून ताटी उघडा म्हणून विनवू लागली. ताटीचे अभंग ते हेच. ज्ञानदेव कोणत्या तीर्थाला गेले नाहीत. बहीण दाराशी आली आणि त्यांनी उठून ताटी उघडली. आमच्याकडून जी पालखी महिनाभर चालत पंढरीला जाते ती या बहिणीची आहे. पालखीबरोबर चालणाऱ्याने घरी परतल्यावर एखादी तरी ताटी उघडावी, एवढी अपेक्षा तिने केली तर ती फार नव्हे.

चार दिवसांत भाऊबीज येईल. त्या दिवशी घरोघर भाऊ बहिणीकडे जातील. पण प्रत्येक घराण्यात एखादे असे दार असते की जिथे बरीच वर्षे कोणी गेलेले नसते. कधी जमिनीच्या वाटणीवरून, कधी एखाद्या लग्नावरून, कधी आता आठवतही नाही अशा बोलण्यावरून. यात्रा ज्याला करता येईल त्याने करावी. पंढरीची करावी, हरेगावची करावी, जमल्यास आयर्लंडचीही करावी. मात्र जाण्यापूर्वी किंवा आल्यावर, ओवाळणीच्या गडबडीतून वेळ काढून, फराळाचा एक डबा घेऊन त्या दाराशीही जाऊन यावे. तिथे चहा कोरा मिळाला तरी तो घ्यावा.